अत्तर, सुरमा आणि खलनायक

‘सडक’ आम्ही पहिल्यांदा पाहिला तो केबलवर. चित्रपट १९९१ च्या डिसेंबरातला, पण आमच्या मोहल्ल्यात तो खरा मुरला नव्वदचे दशक संपता संपता. केबलवाला महिन्या-दीड महिन्याने तो लावायचा आणि वसुलीला आला की दारातूनच सांगून जायचा, "आज रात कू अपना पिक्चर है." अपना अशासाठी, की त्यातली महाराणी आमच्या नगरची होती. म्हणजे ती भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे. (शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच बसलेले आहे.) संजय दत्तवर आमचा जीव होता, त्याच्यासारखे मानेवर केस वाढवण्याची आमची हिंमत नव्हती एवढेच. पण छाती फुगायची ती अमरापूरकरांच्या नावाने. पडद्यावर मुंबईचे गुंड ज्याच्यापुढे माना खाली घालतात तो माणूस आपल्या गावचा, याचे आम्हा पोरांना केवढे तरी वाटे.

ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रवी हा झोप न येणारा टॅक्सीचालक. पूजा ही कोठ्यावर विकली गेलेली मुलगी. आणि महाराणी ही त्या कोठ्याची मालकीण, तृतीयपंथी. कपाळावर टिकली, डोळ्यांत काजळ, अंगावर दागिने, आवाज मात्र पुरुषी, आणि मधूनच कडाडणारी टाळी. ती टाळी वाजली की आमच्या घरातल्या बाया ओढणी तोंडावर धरत. आम्ही पोरे गोधडीत शिरत असू आणि गोधडीच्या फटीतून पाहत असू.

आणि दुसऱ्या दिवशी शाळेत टाळ्या.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही. आवाज पातळ, चाल हलकी, बोलताना हात हवेत फिरायचे. तीन बहिणींत वाढलेला, त्यामुळे दुपट्ट्याला गोट लावणे, कुर्त्याला काज करणे हे त्याला सातवीतच येत होते. वर्गात त्याच्याइतकी सुंदर खुशखती कोणाची नव्हती. फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचे काम कायम त्याच्याकडे. जुम्याच्या दिवशी तो डोळ्यांत सुरमा आणि कानाच्या पाळीमागे अत्तर लावून यायचा. मोहल्ल्यातले निम्मे म्हातारे तसेच करत, पण त्यांना कोणी काही म्हणत नसे. त्याला आम्ही ‘महाराणी’ म्हणू लागलो. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून एक टाळी, मग दुसरी, मग सगळा वर्ग. मास्तर आले की शांत. काही मास्तर त्या टाळ्या ऐकूनही ऐकत नसत. एक-दोन मास्तर हसत.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये कोणाला तरी कल्पना सुचली की फिल्मी नकला ठेवू आणि महाराणीचे काम त्यालाच देऊ. तो नाही म्हणाला. मग शिक्षकांनी सांगितले, आणि शिक्षकांना नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नव्हती. बहिणीची ओढणी, आईच्या बांगड्या घालून तो स्टेजवर आला आणि खुर्चीवर बसला. आम्हाला चांगले आठवते, पहिले अर्धे मिनिट मंडपात कोणी हसले नाही. तो नुसता बसला होता, एक पाय दुसऱ्यावर टाकून, आणि आमच्याकडे पाहत होता. मग मागून एक शिटी आली आणि सगळे मोकळे झाले. त्याला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही. कोणी म्हणाले पुण्याला मामाकडे गेला, कोणी म्हणाले शिलाईच्या कारखान्यात लागला. आम्ही विचारले नाही.

हे सगळे ‘आम्ही’ म्हणून लिहितो आहोत, ती आमची सवय आहे. पण या प्रसंगात ‘आम्ही’ म्हटले की गर्दीत उभे राहता येते, हेही कबूल केले पाहिजे. ती पहिली टाळी अनेक वेळा आमचीच असे.

पुढे शिक्षक झालो, सिनेमाचे वेड मात्र सुटले नाही. ते वाचनाकडे वळले इतकेच. तेव्हा कळले की ‘सडक’ची प्रेरणा मार्टिन स्कॉर्सेसींच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) या अमेरिकन चित्रपटाची आहे. झोप न येणारा चालक तिथलाच, विकली गेलेली मुलगीही तिथलीच. पण तिथला दलाल हा एक साधा पुरुष आहे, हार्वी कायटेलने केलेला, लांब केसांचा, गोड बोलून फसवणारा. मुंबईत येताना त्याची महाराणी झाली. नायक तोच राहिला, मुलगी तीच राहिली, फक्त पापाची जागा बदलली. कोठे चालवणारे, मुली विकत घेणारे पुरुष आपल्या देशात कमी होते असे नाही. मग ही बदली का? पडद्यामागचे कारण काही असो, परिणाम आम्ही वर्गात पाहिला. मुली विकणारा पुरुष पाहून कोणत्याही पोराला कोणी ‘दलाल’ म्हणून टाळ्या वाजवल्या नसत्या.

याचा अर्थ अमरापूरकरांनी काम वाईट केले असा नव्हे. उलट फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिलाच पुरस्कार १९९२ मध्ये याच महाराणीला गेला. पण त्यांचाच आधीचा रामा शेट्टी आठवून पाहा, गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’मधला (१९८३). हळू बोलतो, फारसा हलत नाही, आणि तरी पाठीचा कणा गार पडतो. रामा शेट्टीला वाईट व्हायला ना काजळ लागले ना टाळी. त्याचे वाईटपण त्याच्या सत्तेत होते. महाराणीचे वाईटपण तिच्या अंगावर चढवलेले होते, दागिन्यांसारखे. ‘अर्धसत्य’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच तेंडुलकरांनी त्याच सुमारास, १९८१ मध्ये, ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले होते; बाईवर प्रेम करणारी बाई त्यात माणूस म्हणून उभी आहे, राक्षसीण म्हणून नाही. म्हणजे दुसरी वाट नव्हतीच असे म्हणायला जागा नाही.

उर्दूत एक शब्द आहे, बैनस्सुतूर. ओळींच्या मधले. जे लिहिलेले नाही पण वाचणाऱ्याला दिसते ते. जुन्या मारधाडीच्या चित्रपटांतले खलनायक आम्ही हा शब्द हाती धरून पुन्हा पाहू लागलो, आणि मग दिसतच गेले. याचे मूळ अमेरिकेत सापडते. तिथल्या चित्रपटउद्योगाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक नियमावली लिहिली, १९३४ पासून ती कडकपणे लागू केली आणि १९६८ पर्यंत चालवली. समलिंगी संबंध त्यात ‘विकृती’च्या खात्यात होते आणि पडद्यावर त्यांचा नुसता इशाराही निषिद्ध होता. इशारा बंद केला की इशाऱ्याला धार येते, हे गझल शिकवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीत जोएल कैरो हा पात्रपुरुष कसा आहे हे उघड लिहिले आहे. १९४१ च्या चित्रपटात ते बोलता येत नव्हते. मग काय केले? नायकाची सेक्रेटरी एक भेटकार्ड आणून देते आणि त्या कार्डाला फुलांच्या अत्तराचा वास येतो. मग कैरो आत येतो, म्हणजे पीटर लॉरे: कुरळे चापलेले केस, हातमोजे, आणि छडीची मूठ ओठांशी. एक शब्द न उच्चारता प्रेक्षकाला सगळे पोचले.

तीस वर्षांनी, १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात विंट आणि किड नावाचे दोन मारेकरी आहेत. एक खून पाडून ते हातात हात घालून चालू लागतात. शेवटी वेटरच्या वेशात समोर उभे राहतात तेव्हा बाँड विंटला ओळखतो कशावरून? अंगाच्या वासावरून. पुन्हा अत्तरच. नियमावली जाऊन तीन वर्षे झाली होती, पण खूण तीच राहिली. १९८५ चा ‘कमांडो’ आम्ही बी.एड.च्या वर्षी वसतिगृहाच्या टीव्हीवर पाहिला. त्यातला बेनेट हा नायकाचा जुना साथीदार. जाळीचे बनियन, चामड्याची पँट, जाड मिशी. नायकाला धरून आणायला एक लाख डॉलर ठरले होते, पण तो सांगतो की तू हाती लागणार म्हटल्यावर मी हे फुकटही केले असते. शेवटी नायक त्याला डिवचतो, बंदूक टाक, सुऱ्याने ये. आणि हा ओलीस मुलगी सोडतो, बंदूक टाकतो आणि जातो. चित्रपटभर नायकासाठी एवढे झुरणारे दुसरे पात्र नाही. वसतिगृहातली मुले बनियन पाहून हसत होती. आम्हाला प्रथमच हसू आले नाही. हा द्वेष आहे की आशिकी, असा प्रश्न मनात आला आणि आम्ही तो कोणालाही विचारला नाही. व्हिटो रुसो नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८१ मध्ये या विषयावर ‘द सेल्युलॉइड क्लोझेट’ हे पुस्तकच लिहिले आहे हे फार नंतर कळले.

आपल्याकडे मात्र इशाऱ्याचीही गरज पडली नाही. ‘सडक’च्याच वर्षी, १९९१ मध्ये, ‘मस्त कलंदर’ आला. त्यात अनुपम खेर यांचा पिंकू हा खलनायक आहे आणि त्याला पुरुष आवडतात हे लपवलेले नाही. हसण्यासाठी ते उघडेच ठेवले आहे. १९९९ च्या ‘संघर्ष’मध्ये आशुतोष राणा यांचा लज्जाशंकर पांडे मुलांचे बळी देतो आणि साडी-टिकलीत दिसतो. तो चित्रपट ‘द सायलेन्स ऑफ द लँब्ज’वर (१९९१) बेतलेला. त्या मूळ चित्रपटातल्या बायकी खुन्याच्या चित्रणाविरुद्ध १९९२ च्या ऑस्कर सोहळ्याबाहेर निदर्शने झाली होती. आपल्याकडे महाराणीसाठी, पिंकूसाठी, पांडेसाठी कोणी रस्त्यावर उतरल्याचे आम्हाला आठवत नाही. काचा फुटल्या त्या १९९८ च्या डिसेंबरात, मुंबईत, दीपा मेहतांच्या ‘फायर’साठी. त्यात दोन जावा एकमेकींवर प्रेम करतात, कोणाचा खून करत नाहीत, आणि शेवटी जिवंत भेटतात, तेही हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात. वाईट आणि मेलेला असेल तर चालतो. साधा आणि जिवंत असेल तर काचा फुटतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष आणि नुसताच मऊ आवाजाचा पोरगा ही तीन वेगळी माणसे आहेत. चित्रपटाने त्यांची एक मोट बांधली आणि आमच्या वर्गाने तिला एक नाव दिले. आमचा तो वर्गमित्र यांपैकी कोण होता, की कोणीच नव्हता, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते आणि आजही विचारण्याचा आम्हाला हक्क नाही. मजहबचा प्रश्न कोणी काढेल तर आम्ही आलिम नाही. पण एखाद्या पोरावर टाळ्या वाजवणे कोणत्या किताबात जायज आहे, एवढे मात्र आम्ही विचारू शकतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा टोचली. आमचे दादा, वडिलांचे वडील, जुम्याला गुसल करून आले की सुरमादाणी उघडत. चांदीची सळई डोळ्यांतून फिरवत, हिना अत्तराचा फाया कानात ठेवत, मलमलच्या कुर्त्याच्या चुण्या हाताने नीट करत. बोलणे इतके हळू की ऐकायला पुढे झुकावे लागे. रागावले तरी ‘आप’ सुटत नसे. मोहल्ल्यात त्यांच्याहून रुबाबदार माणूस आम्ही पाहिला नाही. आता हाच माणूस पडद्यावर ठेवा. सुरमा, अत्तर, मलमल, हळू आवाज, शुद्ध उर्दू. तो नायक होईल का? नायकाला मूठ दिली आहे, घाम दिला आहे. मऊ जे जे होते ते खलनायकाच्या घरी पाठवले. आणि तो मऊपणा आमच्या घरातला होता.

म्हणूनच ‘सरफरोश’ (१९९९) आम्हाला दोनदा लागला. नसीरुद्दीन शाह यांचा गुलफाम हसन, गझलगायक, फाळणीत भारतातून गेलेला मुहाजिर, आणि गझलेच्या आडून हत्यारे पाठवणारा. पहिल्यांदा लागला तो मुसलमान म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये आजही त्याचा विषय निघतो. गझल, शाल, उर्दू, सगळे दहशतवाद्याला दिले, असे म्हणून आम्ही तावातावाने बोलतो, आणि ते खोटे नाही. इन्स्पेक्टर सलीमचे पात्र ठेवून दिग्दर्शकाने तोल साधायचा प्रयत्न केला, हेही कोणी तरी सांगतो. दुसऱ्यांदा लागला तो पुन्हा पाहताना. गुलफामच्या आयुष्यात बाई नाही. चित्रपटातले सगळ्यांत कोवळे नाते त्याचे आणि त्या तरुण पोलीस अधिकाऱ्याचे आहे: एक गाणारा, एक ऐकताना हरवून जाणारा. नायिका आहे, प्रेमगीत आहे, पण विश्वासघाताची जखम तिकडे नाही, इकडे आहे. हे आमचे वाचन आहे, दिग्दर्शकाच्या तोंडी घालत नाही. आम्ही स्टाफरूममध्ये हे बोलून दाखवले तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "एक इल्जाम काफी नहीं है क्या, सर, जो दूसरा भी ले रहे हो?" सगळे हसले. आम्हीही हसलो. आपल्यावर लावलेली खूण आपल्याला लगेच दिसते. दुसऱ्यावरची दिसायला आम्हाला पंधरा वर्षे लागली, आणि दिसल्यावरही आम्ही हसलो.

नववीला आम्ही उर्दू शिकवतो. गझलेचा पाठ आला की दर वर्षी एखादा पोरगा विचारतोच, "सर, महबूब ‘आता है’ क्यों? ‘आती है’ क्यों नहीं?" याची ठरलेली उत्तरे आहेत. परद्यामुळे बाईचा उघड उल्लेख बेअदबी मानत. किंवा, तसव्वुफमध्ये महबूब म्हणजे खुदा. किंवा, ही फारसीची परंपरा आहे, कारण फारसी क्रियापदाला लिंगच नसते. तीनही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. चौथे उत्तर आम्हाला माहीत आहे, मीर वाचलेल्या कोणालाही माहीत असते. ते आम्ही देत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हाच प्रश्न आला. उत्तर देत असतानाच मागून टाळी वाजली. तीच टाळी. दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलासाठी होती. त्याचे हातही बोलताना हवेत फिरतात. सगळा वर्ग हसला. बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. आम्ही फळ्याकडे तोंड केले आणि शेर लिहू लागलो, कारण आमच्याही ओठांवर हसू आले होते.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सदाशिव अमरापूरकर मुंबईत गेले. दुसऱ्या दिवशी नगरलाच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तो मोहरमचा दहावा दिवस होता, त्यामुळे आदली रात्र ही कत्तल की रात. नगरच्या मोहरमला बाहेरगावी गेलेला माणूस गावात येतोच. कोठल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरबताच्या सबिली लागल्या होत्या, लोभानाचा धूर होता. एका हॉटेलात आम्ही चहाला बसलो. वर टीव्हीवर अमरापूरकरांचे जुने प्रसंग दाखवत होते. समोरच्या खुर्चीवर कोणी तरी येऊन बसले. "पैचाने क्या, सर?"

आवाजावरून ओळखले. दाढी ठेवली होती, अंग थोडे भरले होते, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिली होती, बहुधा काढायला विसरला होता. पुण्यात लेडीज टेलरचे दुकान आहे म्हणाला. एकाच वर्गात शिकलो, तरी तो आम्हाला ‘सर’ म्हणत होता आणि त्यात टोमणा नव्हता. आम्हाला बोलायचे होते. पंधरा वर्षांचे होते. त्याऐवजी आम्ही म्हणालो, "चाय लेगा?"

टीव्हीवर महाराणी आली. आम्ही नजर खाली घातली. त्याने घातली नाही.

"मैं ‘सडक’ कित्ती बार देखा, मालूम? गिनती नै." मग हसला. "तुम लोगाँ मेरेकू उसका नाम देते थे. मेरेकू बुरा लगता था, हौ. पर घर आके दरवाजा लगाके मैं उसके जैसा बैठता था."

"काय कू?"

"पूरे पिक्चर में मेरे जैसा बोलने-चलने वाला एकच था, सर. बुरी थी, मालूम है मेरेकू. मरती है, वो भी मालूम. पर कोई हँसता नै था उसपे. सब खडे रैते थे. और वो बैठती कैसी थी!"

आम्ही पुस्तके वाचून जे काढले होते त्यात हे कुठेच नव्हते. खलनायकावर लावलेली खूण अन्याय आहे, एवढे आम्हाला कळले होते. पण ज्याच्यावर तो अन्याय होतो त्याने त्याच खलनायकाच्या खुर्चीत बसून आपले बालपण निभावले असेल, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. गॅदरिंगचे ते पहिले अर्धे मिनिट आठवले. तेव्हा आम्ही हसलो नव्हतो ते का, ते आता कळले.

चहा संपवून त्याने विचारले, "आपकी क्लास में है क्या कोई? मेरे जैसा?"

आम्ही म्हणालो, "नै."

त्याने आमच्याकडे पाहिले, मग बशी सरळ केली. "होगा तो उसकू बोलना, गॅदरिंग में काम नको कर." बाहेर ताशे जवळ आले होते. चहाचे पैसे त्याने दिले. फोन नंबर लिहून दिला, सिगरेटच्या पाकिटाच्या कागदावर, उर्दूत नाव घालून. अक्षर तसेच होते.

डिसेंबरात गॅदरिंगची यादी आमच्याकडे आली. ‘फिल्मी खलनायक’ असा एक कार्यक्रम होता आणि त्यात दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलाचे नाव होते. आम्ही त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि सांगितले की नको असेल तर नाव काढतो, कोणी काही म्हणणार नाही. तो गोंधळला. "नको क्यों, सर? मैंच दिया नाम."

"कौन बनेगा तू?"

"मोगँबो."

‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा, या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण अमरीश पुरींचा तो सोनेरी कलाबतूचा कोट त्याला पाठ होता. बटणे कुठे, पट्टे कुठे, सगळे त्याने हवेत हात फिरवून दाखवले. अडचण एकच, म्हणाला, कोट कोण शिवणार? आम्ही कागद शोधून पुण्याला फोन लावला. काय हवे ते सांगितले, कोणासाठी ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ फक्त शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"कंधा कित्ता है?" त्याने विचारले.

आम्ही पट्टी लावून माप सांगितले.

"थोडा ढीला रखता हूँ," तो म्हणाला. "बैठने कू आराम रैना."